मांजराचे वजन : काटा, वही आणि हात

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात, बेंगळूरच्या शिवाजीनगर भागात पशुवैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीने दिलेले व्याख्यान. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



माझ्याआधी या व्यासपीठावरून धरणे बांधणारे बोलले, न्यायदान करणारे बोलले. आता मी मांजराच्या वजनाविषयी बोलणार आहे. समितीने ‘प्राण्यांविषयी काहीही बोला’ अशी मोकळीक दिली होती, आणि विषय कळवल्यावर फोनवर काही क्षण शांतता पसरली, हेही सांगून टाकते. तरीही विषय मी बदलला नाही. त्याचे एक कारण माझ्या दवाखान्यात आहे आणि दुसरे याच इमारतीत.

इमारतीतले आधी सांगते. दरवर्षी जूनअखेर आपल्या कसरतीच्या गुरुजींचा लोखंडी वजनकाटा वऱ्हांड्यात यायचा. एकेकाने वर चढायचे, गुरुजी आकडा मोठ्याने उच्चारणार, आणि मागच्या रांगेत हशा पिकणार. मी वर्गात ‘काडी’ म्हणून प्रसिद्ध होते. माझ्याहून बारीक आणखी दोघी होत्या, त्यामुळे मला त्याचे फारसे दुःख नव्हते. सहावीच्या वर्षी मात्र गुरुजींनी माझा आकडा मोठ्याने वाचलाच नाही. वहीचे मागचे पान उलटून पाहिले, आणि दुपारी वडिलांना चिठ्ठी पाठवली. त्या दोघींचे वजन माझ्यापेक्षा कमी होते, पण वर्षभरात वाढले होते. माझे दीड किलोने उतरले होते. पुढे डॉक्टरांकडे क्षयाची प्राथमिक बाधा निघाली, नऊ महिने औषधे घेतली, बरी झाले. चिठ्ठीत एकच वाक्य होते : ‘मुलगी बारीक आहे याची चिंता नाही, उतरली आहे याची आहे.’ पशुवैद्यकाचे सगळे शिक्षण मी इंग्रजीत घेतले. पण मांजराच्या वजनाविषयी इतके नेमके वाक्य मला त्या पुस्तकांत सापडले नाही.

आता दवाखान्याकडे येते. शिवाजीनगर म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर जे उभे राहील, तसे ते नाही. पूर्वीच्या इंग्रजी छावणीचा हा भाग. त्याचे जुने नाव ब्लॅकपल्ली. १९२७ साली बांधलेले रसेल मार्केट, जवळच सेंट मेरीचे उंच मनोऱ्याचे चर्च, मशिदी, मासळीचा आणि मटणाचा बाजार, सुकामेव्याची आणि फुलांची दुकाने. कानांवर तमिळ, कन्नड आणि दख्खनी पडते. त्या दख्खनीत ‘नको’ला ‘नक्को’ म्हणतात; गेल्या गेल्या पहिल्या आठवड्यात तो शब्द ऐकला आणि मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

या बाजारात मांजरे अमाप. मासळीच्या ओट्याखाली बसणारा रुंद गालांचा, कान फाटलेला बोका पाच किलोचा असतो. त्याच ओट्यावर चार पिलांना पाजणारी मांजरी अडीच किलोची. रस्ता ओलांडून एखाद्या सदनिकेतून पर्शियन मांजर येते, ते नुसत्या केसांमुळे दुप्पट दिसते. अलीकडे मेन कून नावाच्या जातीचीही मांजरे येऊ लागली आहेत. त्यांचा नर सहा ते आठ किलोंचा सहज भरतो आणि तीन-चार वर्षांचा होईपर्यंत वाढतच राहतो. उलट सिंगापुरा नावाची जात जेमतेम दोन-तीन किलोंची. ही सगळी एका सकाळी माझ्या बाकावर आली, तर पालक एकमेकांच्या टोपल्यांत डोकावतात आणि प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, त्यांचे एवढे मोठे, आमचे वाढत का नाही?’ शाळेच्या फाटकापाशी आया मुलांविषयी हेच बोलतात.

खरे तर मांजराच्या जातीत फरक थोडाच आहे. कुत्र्यांकडे पाहा : दोन किलोंच्या चिवावापासून सत्तर किलोंच्या ग्रेट डेनपर्यंत. माणसाने कुत्र्याकडून शिकार, राखण, मेंढ्या वळणे अशी कामे हजारो वर्षे करवून घेतली आणि कामागणिक देह घडवला. मांजराला आपण कामाला लावले नाही; धान्याच्या कोठारात उंदीर होते, ते आपणहून आले. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे, इतकी ही सोबत जुनी. आपल्या मांजराचा पूर्वज असलेले आफ्रिकेतले रानमांजर आजही आकाराने घरच्या मांजराएवढेच असते. मुद्दाम जाती पैदा करण्याचा छंद तर कालपरवाचा : लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले ते १८७१ साली. त्यामुळे आपल्या घरातले साधे देशी मांजर, म्हणजे मांजरी अडीच ते चार आणि बोका साडेतीन ते पाच किलो, हे मूळ मापाचेच आहे. ते खुजे नाही आणि त्याला ‘वाढवण्याची’ गरज नाही.

पण या आकड्यांवरही फार विसंबू नका. चार किलो हे एका मांजरीचे उत्तम वजन असेल, तर दुसरीला तो लठ्ठपणा असेल. पिलूपणी उपाशी राहिलेल्या मांजराचा सांगाडाच लहान राहतो. म्हणून आम्ही पशुवैद्य आकड्याआधी हात लावतो. १९९७ साली अमेरिकेत तयार झालेली, मांजराची देहस्थिती एक ते नऊ अंकांत मोजण्याची एक पद्धत आता जगभर वापरतात. पाच हा मधला आणि उत्तम अंक. पद्धत पशुवैद्यांची असली तरी तिचे मर्म घरी तपासता येते. प्रत्येकाने आपला हात समोर धरा. मूठ वळा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी मुठीच्या गाठींवरून चाचपा. मांजराच्या बरगड्या अशा लागल्या, तर ते फार रोड आहे. आता मूठ उघडा, पंजा पालथा करा आणि त्याच गाठींवरून बोटे फिरवा. हाडे लागतात, पण वर पातळ आवरण आहे. बरगड्या अशा लागाव्यात. आता तळवा वर करा आणि बोटांच्या मुळांशी दाबून हाडे शोधा. बरगड्या अशा दाबून शोधाव्या लागत असतील, तर खाण्याचा विचार करायला हवा. (सभागृहातले सगळे हात एकदम उलटसुलट होताना इथून फार छान दिसते.) यानंतर वरून पाहायचे : बरगड्यांमागे कंबर किंचित आत गेलेली असावी.

एक खुलासा करते, कारण या एका गोष्टीसाठी कितीतरी सडपातळ मांजरे माझ्याकडे ‘पोट सुटले’ म्हणून येतात. पोटाखाली, मागच्या पायांपाशी, चालताना हेलकावणारी सैल कातडीची पिशवी असते. ती बहुतेक मांजरांना असते, रानटी नात्यागोत्यांतही असते. तो लठ्ठपणा नव्हे. आणि पिलाचे पोट नगाऱ्यासारखे, पण पाठीचा कणा हाताला बोचतो, असे असेल तर ते पिलू गुटगुटीत नाही. बहुधा पोटात जंत आहेत.

लठ्ठपणा येतो कुठून? मुख्यतः आपल्या मायेतून. चार किलोंच्या, नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे ते दोनशे चाळीस किलोकॅलरी लागतात. एक वाटी, म्हणजे दीडशे मिलिलिटर म्हशीच्या दुधात दीडशेच्या आसपास किलोकॅलरी असतात. चहाबरोबर त्याला मोडून दिलेले एक साधे बिस्किट वीस-पंचवीसचे. आपल्या दृष्टीने ते बिस्किट म्हणजे काहीच नाही. मांजराच्या दृष्टीने तो दिवसाचा दहावा हिस्सा. शिवाय मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही. आपल्या सगळ्या गोष्टींत मांजर दूध पीत असले, तरी दूध हे त्याचे अन्न नव्हे. मी शिवाजीनगरात ‘बिल्ली को दूध नक्को’ असे रोज सांगते आणि इथे बेळगावात माझी आईच ते ऐकत नाही.

दुसरे कारण नसबंदी. ती करावीच, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. बाजारातली चार-चार पिलांची ओढाताण मी रोज पाहते. पण त्यानंतर शरीराची गरज सुमारे पाव हिश्श्याने घटते आणि भूक मात्र वाढते, हे शस्त्रक्रियेच्या दिवशीच सांगायला हवे. दुकानातले कोरडे खाद्य साठ ग्रॅम, म्हणजे एक मध्यम वाटी, एवढे दिवसाला पुरते. आपण ताटली रिकामी दिसली की भरतो.

आता शाकाहारी घरांविषयी. आपल्यांपैकी अनेकांच्या घरी मांजर दूधभातावर असते. उंदीर, पाली, शेजारची मासळी यांवर ते आपली गरज भागवून घेत असे, तोवर ते निभत होते. सदनिकेच्या चौथ्या मजल्यावर ते निभत नाही. मांजर जन्मतः मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याला मांसमच्छीतूनच मिळतो. तो न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा कायमचा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू पसरून दुबळा होतो. दूधभातावरचे मांजर अंगाने गुबगुबीत असू शकते आणि आतून उपाशी. घरात मांस आणायचे नसेल, तर मांजरासाठी बनवलेले तयार खाद्य आणा. तेही पटत नसेल, तर मांजर पाळू नका. हे शेवटचे वाक्य कडू आहे, पण त्यात फेरफार करायला जागा नाही.

लठ्ठ मांजराला मधुमेह होण्याचा धोका सडपातळ मांजराच्या सुमारे चौपट असतो. सांधे दुखतात, पाठीपर्यंत जीभ पोचेनाशी झाली की अंग चाटून स्वच्छ करता येत नाही. ऑस्ट्रेलियात हिमी नावाचे एक मांजर २१ किलोंहून अधिक वजनाचे होते. ते १९८६ साली दहाव्या वर्षी श्वसन बंद पडून गेले. गिनीज बुकाने पुढे ‘सर्वांत जड मांजर’ हा विक्रम नोंदवणेच थांबवले, कारण नावासाठी लोक मांजरांना कोंबून खायला घालतील.

आणि आता जे सांगायला मी आले, ते सांगते. व्यवसायाच्या चौथ्या वर्षी एक मराठी कुटुंब गोट्या नावाचा बोका घेऊन आले. आजी, मुलगा, सून, नातू. गोट्या सात किलो दोनशे ग्रॅमचा. त्याच्या सांगाड्याला पाच किलो पुष्कळ झाले असते. बाहेर अकरा जण थांबले होते. मी हात लावला, आकडा पाहिला आणि म्हणाले, ‘खाणे कमी करा हो याचे.’ नातू हसला. ते गेले.

सहाव्या दिवशी ते परत आले. घरी त्यांनी जुने खाद्य बंद करून वजन उतरवण्याचे नवे खाद्य आणले होते. गोट्याने ते हुंगले आणि पाठ फिरवली. आजींना वाटले, दोन दिवस राहू दे, एकादशी घडली म्हणायची. भूक लागली की खाईल. माणसाच्या बाबतीत ते खरे ठरले असते. कुत्र्याच्या बाबतीतही बहुधा ठरले असते. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिले, तर शरीर साठवलेली चरबी एकदम यकृताकडे धाडते, आणि मांजराच्या यकृताला तो लोंढा पेलत नाही. ते स्वतःच चरबीने भरून बंद पडू लागते. गोट्याच्या कानांची आतली बाजू पिवळी झाली होती. हिरड्या पिवळ्या. आम्ही गळ्यातून अन्ननलिकेत नळी घातली, थोडे थोडे खाणे दिले, सलाईन दिले. पुष्कळ मांजरे त्यातून वाचतात. गोट्या नवव्या दिवशी पहाटे गेला.

आजींनी आवाज चढवला नाही. त्यांनी विचारले, ‘डॉक्टर, कमी करा असं तुम्हीच म्हणाला होतात ना?’ मी ‘हो’ म्हणाले. त्यापुढे मला काही सुचले नाही, आणि आजही सुचत नाही. मी सांगितले ते चूक नव्हते, अर्धे होते. किती कमी, किती दिवसांत, आणि खाल्ले नाही तर केव्हा परत यायचे, हे तिन्ही माझ्या तोंडून निघाले नव्हते.

म्हणून आज ते तिन्ही, जरा लांबण लागली तरी, सांगते. मांजराचे वजन आठवड्याला शेकडा एक उतरले तरी भरपूर. सात किलोंच्या बोक्याला म्हणजे सत्तर ग्रॅम. गोट्याला पाच किलोंवर यायला आठ-नऊ महिने लागले असते. नवे खाद्य जुन्यात मिसळत, आठ-दहा दिवस घेत बदलावे. अन्न वाटीने नव्हे, काट्याने मोजावे. आणि कोणतेही मोठे मांजर, विशेषतः लठ्ठ, अख्खा एक दिवस काहीच खात नसेल, तर दुसऱ्या दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. माझ्या दवाखान्यात आता हे कागदावर, ग्रॅमच्या आकड्यांसह, घरच्यांच्या भाषेत लिहून दिल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. बाहेर अकरा जण थांबलेले असले तरी.

याच्या उलट गोष्टही शिवाजीनगरचीच. बाजारात सुकामेव्याचे दुकान असलेले एक वयस्क गृहस्थ आहेत. त्यांची मांजरी तेरा वर्षांची, दोन किलो सहाशे ग्रॅमची. गिऱ्हाईक म्हणे, ‘चाचा, इतका बदाम-पिस्ता दुकानात आणि मांजर असे?’ मीही तिला अनेकदा तपासले होते : चिमणीएवढी, पण ठणठणीत, बरगड्या पालथ्या पंजासारख्या. एके दिवशी चाचा दुकानाची उधारीची वही घेऊन आले. तिच्या शेवटच्या पानावर, दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, बदाम तोलायच्या काट्यावर केलेल्या मांजरीच्या वजनाच्या नोंदी होत्या. पाच महिन्यांत दोन सहाशेवरून दोन अडीचशे. ‘खाती बराबर है डॉक्टर, जास्तीच खाती, पर सूक रई,’ ते म्हणाले.

साडेतीनशे ग्रॅम हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. साठ किलोंच्या माणसाचे आठ किलो उतरण्यासारखे ते आहे. नजरेला ते दिसले नसते. मुळातच बारीक असलेले मांजर आणखी बारीक झालेले रोजच्या माणसाला कळत नाही. रक्त तपासले, थायरॉइड ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करत होती. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार आढळतो. गोळ्या सुरू केल्या. ती पुढे आणखी तीन वर्षे त्या दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसून होती. त्याच सुमारास एक पर्शियन माझ्याकडे आले, घरच्यांच्या मते ‘चांगले भरलेले’. केसांखाली हात घातला तर कणा मण्यांच्या माळेसारखा लागला. दोन्ही मूत्रपिंडे थकली होती, आणि किती दिवसांपासून, हे सांगणारी एकही नोंद घरात नव्हती.

नोंद ठेवायला खर्च नाही. मांजराला उचलून घरच्या काट्यावर उभे राहा, मग एकट्याने उभे राहा, वजाबाकी करा. ग्रॅमचा फरक हवा असेल, तर झाकणाच्या टोपलीत घालून ओळखीच्या किराणा दुकानात न्या. माझी एक वर्गमैत्रीण रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलून आणते आणि दर महिन्याला तो ‘काय भाव लावू?’ असे विचारतो. मोठ्या मांजराचे महिन्यातून एकदा पुरे. पिलाचे आठवड्याला : जन्मतः ते शंभर ग्रॅमच्या आसपास असते आणि सहा महिन्यांपर्यंत महिन्याला साधारण अर्धा किलो वाढते. आठवडाभर ते वाढलेच नाही, तर शेजारचे पिलू केवढे आहे ते पाहू नका, दाखवून आणा.

मघाशी मुख्याध्यापिकांना मी गुरुजींच्या त्या काट्याविषयी विचारले. काटा भंगारात गेला, पण वह्या कार्यालयातल्या कपाटात आहेत म्हणाल्या. सभा संपल्यावर मला त्यांतली सहावीची वही पाहायची आहे.

आता प्रश्न विचारावेत. मात्र फोनवरचे छायाचित्र दाखवून ‘हे जाड आहे का?’ असे कृपया विचारू नका. मला सांगता येणार नाही. मी रविवार सकाळपर्यंत टिळकवाडीत आईकडे आहे. मांजर घेऊनच या, टोपलीला झाकण असू द्या, आणि घरी मागचे एखादे वजन लिहून ठेवलेले असेल तर तो कागद विसरू नका.